पाट्याशिवाय वरवंटा मिळणार नाही

मला दुकानं सापडतात. शोधायला निघाले की सापडत नाहीत, भलतंच काही आणायला निघाले की सापडतात. बेळगाव सोडून बंगळूरला आलो त्याला तीसेक वर्षं झाली. त्या पहिल्याच वर्षी साडीला फॉल लावायला चिकपेटला गेले होते. वाट चुकून एका बोळात शिरले, तर तिथे एक माणूस फक्त छत्रीच्या काड्या विकत बसला होता. छत्री नाही, कापड नाही, मूठ नाही. नुसत्या काड्या, लांबीप्रमाणे जुड्या बांधून ठेवलेल्या. मी तिथे अर्धा तास उभी राहिले आणि फॉल लावायचा राहून गेला.

मग मला तो नादच लागला. देवाचे डोळे विकणारं एक दुकान आहे. चांदीचे डोळे, जोडीजोडीने, तांदळाच्या दाण्याएवढ्यापासून तळहाताएवढ्यापर्यंत. आत पाऊल टाकलं की शंभरेक डोळे तुमच्याकडे बघतात आणि आपण सकाळी काय काय खोटं बोललो ते आठवायला लागतं. नाटकवाल्यांच्या मिशांचं एक दुकान आहे. तिथे राजाची मिशी वेगळी, राक्षसाची वेगळी आणि पोलिसाची वेगळी. राजाची आणि पोलिसाची मिशी मला तरी सारखीच दिसली, पण तसं म्हटल्यावर दुकानदार दुखावला. कुकरचे फक्त दांडे आणि शिट्ट्या विकणारा एक म्हातारा अण्णा आहे. तो कंपनी विचारत नाही. तो विचारतो, तुमची शिट्टी वाजते कशी? मी त्याला भर दुकानात तोंडाने शिट्टी वाजवून दाखवली आहे.

या दुकानांचं मला काय आवडतं ते सांगते. एकच वस्तू विकणारा माणूस "और कुछ मॅडम?" असं विचारत नाही. तो त्या वस्तूबद्दल असा प्रश्न विचारतो, जो आपल्याला जन्मात सुचला नसता. आणि त्याचं उत्तर आपल्याला माहीत नसेल, तर घरी पाठवतो. मॉलमध्ये मला कुणी कधी घरी पाठवलेलं नाही.

आमच्या ह्यांना हे कळत नाही. हे एका सरकारी कचेरीच्या आस्थापना विभागातून निवृत्त झाले. जन्म फायलींत गेला. सामान आणायचं म्हणजे यादी करायची, कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, टिकमार्क करत घ्यायचं. माझ्या भटकण्याला हे "तुझी म्युझियमं" म्हणतात. "बघून आलीस म्युझियम? मग कोथिंबीर विसरली असशील." बहुतेक वेळा विसरलेली असते, ते सोडा.

आता मुद्द्याचं. माझी लेक आणि जावई मारतहळ्ळीला राहतात, दोघंही कंपनीत. चार वर्षं वाट बघून त्यांनी मूल दत्तक घेतलं. मुलगी घरी आली तेव्हा सात महिन्यांची होती. काळे कुळकुळीत डोळे आणि हातात येईल ते ओढायचं. मी पहिल्याच दिवशी तिला कडेवर घेतलं आणि तिने माझा चष्मा वाकवला. त्या दिवसापासून मी तिची आजी.

हे मात्र तिला उचलेनात. पहिल्या दिवशी लेकीने बाळ पुढे केलं तर हे म्हणाले, "पाठ दुखते आहे गं, आत्ता नको." दुसऱ्या खेपेला पाठ. तिसऱ्या खेपेला पाठ. दर रविवारी आम्ही जायचो, हे खुर्चीत बसायचे, बाळाकडे बघायचे, टाळ्या वाजवायचे, पण हात पुढे नाही. तीन महिने गेले. बाळाला ह्यांच्यापुढे धरायचं लेकीने सोडून दिलं होतं. ते मला फार लागलं.

म्हणून मी ठरवलं, बारसं करायचं. लेक म्हणाली, "आई, दहा महिन्यांची झालीये ती. पाळण्यात उभी राहील." मी म्हटलं, "उभी राहू दे." कानात नाव सांगायचं, पाळणा म्हणायचा, घुगऱ्या वाटायच्या, सगळं रीतीने. इतर मुलींना मिळतं ते हिला का नाही? हे म्हणाले, "अगं, अजून दत्तकाची शेवटची ऑर्डर आलेली नाही. कागद पक्का होऊ दे, मग करू." तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "कागदाचं नाव कशाला पुढे करता? रक्ताची नाही म्हणून उचलत नाही, हे सरळ सांगा ना." ह्यांनी पेपर उचलला आणि बाल्कनीत जाऊन बसले. दोन दिवस आमच्यात चहापुरतं बोलणं होतं.

तरी ह्यांना माझ्याबरोबर यावंच लागलं. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला महिनाच झाला होता. एकटीने गर्दीत जायचं नाही आणि जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांपेक्षा लेकीनेच जास्त बजावलं होतं. मग आमच्या बनशंकरीहून मेट्रोने आम्ही दोघं चिकपेटला. हे माझ्यापुढे दोन पावलं, हातात घडी घातलेली पिशवी, तोंड बंद.

कुंचीसाठी खणाचं कापड लगेच मिळालं. पाळण्याचं दुकान मात्र मला मिशांच्या दुकानामागे सापडलं. इतकी वर्षं मी पुढच्या दारातून परत फिरत होते, मागे बोळ आहे हे माहीतच नव्हतं. तिथे फक्त पाळणे आणि पाळण्याचं सामान. पितळी साखळ्या, लोखंडी आकडे, लाकडी पोपट, कापडी झोळ्या. मालक माझ्याच वयाचा, कपाळाला आडवं भस्म. मी माझ्या बेळगावी कन्नडमध्ये विचारलं, "तोट्टिल अदाव एन री?" पाळणे आहेत का हो? आमच्याकडच्या त्या 'री'वर तो हसला. बंगळूरचे लोक नेहमीच हसतात. मग त्याने विचारलं, बाळ किती दिवसांचं?

मी म्हटलं, दहा महिन्यांचं.

त्याने चष्म्यावरून बघितलं. दहा महिन्यांच्या मुलाला पाळणा कशाला, ते तर उडी मारेल. मी सरळ सांगून टाकलं. मुलीने दत्तक घेतलीय, नाव ठेवायचंय, पाळण्यातच ठेवायचंय. आता हा काहीतरी बोलेल, या तयारीने मी उभी राहिले. अशा वेळी लोक "पुण्याचं काम केलंत" वगैरे म्हणतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कुणी स्वतःचं मूल जन्माला घातलं की त्याला पुण्य म्हणतात का?

तो म्हणाला, "वजन किती?"

"म्हणजे?"

"साखळी वजनावर असते, अम्मा. लहान बाळाची साखळी वेगळी. ही उभी राहणार, हलवणार. वजन सांगा."

मला वजन माहीत नव्हतं. रोज फोनवर बाळाने काय खाल्लं, किती वेळ झोपली, सगळं विचारते, पण वजन नाही. आता हा मला घरी पाठवणार, असं मनात आलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"आठ किलो सहाशे."

हे दुकानाच्या पायरीवर उभे होते. बोळाकडे तोंड करून.

"नक्की?" दुकानदाराने विचारलं.

"मागच्या सोमवारचं आहे. दवाखान्यात केलेलं." हे अजून बोळाकडेच बघत होते.

दुकानदाराने मान हलवली आणि जाड साखळी काढली. ज्या माणसाने बाळाला एकदाही उचललं नाही, त्याला तिचं वजन शंभर ग्रॅमपर्यंत पाठ होतं, याचं काय करायचं ते मला कळेना. रात्री लेकीला फोन केला तेव्हा समजलं की बाबा तिच्याकडून दवाखान्याच्या प्रत्येक कागदाचा फोटो मागवून घेतात. तिला वाटलं होतं मला ठाऊक असेल.

पाळणा झाला. राहिला वरवंटा. आमच्याकडे बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा जातो. त्याला झबलं-कुंची घालायची, काजळ लावायचं, पाळण्याच्या खालून एकीने द्यायचा, वरून दुसरीने घ्यायचा, मग पाळण्यात निजवायचा. तो थोडा वेळ बाळ होतो. तो उठला की खरं बाळ निजतं, दगडासारखं दणकट होऊ दे म्हणून. आणि हा वरवंटाच आमच्या घरात नव्हता. या घरात राहायला येताना पाटा-वरवंटा मी कामवालीला देऊन टाकला होता. मिक्सर असताना दगड कुणी उचलायचा, असं मीच म्हटलं होतं. लेकीने सुचवलं, नारळ ठेवू. जावयाने सुचवलं, पाण्याची स्टीलची बाटली. मी दोघांनाही हात जोडले.

तर बारशाच्या आदल्या शनिवारी मी ह्यांना घेऊन कनकपुरा रस्त्याकडे निघाले. देवळाला जाताना रस्त्याच्या कडेला दगडांचे ढीग मी रिक्षातून पुष्कळदा बघितले होते, पण उतरले कधी नव्हते. जवळ गेल्यावर कळलं की ते दुकान आहे. वर निळी ताडपत्री, खाली पाटे, वरवंटे, खल, उखळं, रगडे. एक बाई मांडी घालून छिन्नीने पाट्याला टाकी लावत होती. अंगावर पुरुषाचा सदरा, केसांत दगडाची धूळ. तिचं कन्नड सरळ आणि तुटक होतं.

मी म्हटलं, मला नुसता गुंडु पाहिजे. वरवंट्याला ते गुंडु म्हणतात.

तिने मान वरही केली नाही. "तोट्टिलिगा?" पाळण्यासाठी ना?

तिला कसं कळलं विचारलं, तर म्हणाली, नुसता गुंडु मागायला दुसरं कोण येतं? वाटणारी बाई दोन्ही मागते. काहीजण तर एका दिवसापुरता भाड्याने मागतात. भाड्याने देत नाही, सुटा विकत नाही. "जोडी ओडेयल्ल." जोडी फोडत नाही.

मी माझं सगळं कसब लावलं. गोड बोलले, अक्का म्हटलं, पाटा तिच्याकडेच राहू दे म्हटलं. तिने छिन्नी खाली ठेवली आणि शांतपणे समजावलं. जो गुंडु ज्या पाट्यावर घासून बसवला तो त्याचाच. दुसऱ्या पाट्यावर तो डगमगतो. तुम्ही गुंडु न्याल, मग इथे उरलेल्या पाट्याचं मी काय करू? त्याला कोण नेणार?

"दोन्ही एकाच दगडातून काढता का?" हा प्रश्न ह्यांचा होता. मी चमकून बघितलं.

"छे. पाटा एका खाणीतला, गुंडु दुसऱ्या. आणल्यावर बसवतो. वाळू घालून घासायचं. आठ दिवस घासलं की बसतात." तिने हाताने घासून दाखवलं.

हे बराच वेळ त्या पाट्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे काहीतरी मोठं बोलतील. हे म्हणाले, "रिक्षात पायाशी मावेल ना हा?"

जोडी घेतली. वरवंटा मी कडेवर घेऊ लागले तर ह्यांनी तोही काढून घेतला. पाटा उचलायला रिक्षावाल्याला बोलावलं, तर तो जागेवरून न हलता म्हणाला, "बेन्नु नोवु, सार." पाठ दुखते.

ह्यांच्या कपाळाला आठी पडली. "एल्लरिगू बेन्नु नोवु," हे म्हणाले. सगळ्यांच्याच पाठी दुखतात. आणि वाकून, पाटा दोन्ही हातांनी धरून, एका दमात उचलला आणि रिक्षात ठेवला. घरी आल्यावर खांद्यावर घेऊन पहिल्या मजल्यावर चढवला. वीस किलो तरी असेल. स्वयंपाकघरात खाली ठेवताना तोंडातून हुं सुद्धा काढलं नाही.

मी चहा केला. कप पुढे ठेवला आणि विचारलं, "पाठ कशी आहे?"

ह्यांनी पाट्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. चोरी पकडली गेल्यावर माणूस रागावतो, तसे रागावतील असं वाटलं होतं. पण हे कप हातात धरून नुसते बसून राहिले. चहावर साय धरली.

"मी जन्मभर फायली बघितल्या," हे म्हणाले. "जोवर शेवटची सही होत नाही तोवर काहीही होऊ शकतं. उद्या कुणी येऊन म्हणालं, काहीतरी राहिलं आहे, मूल परत द्या. तर? तू रडशील, पोर रडेल, पण तुम्ही बोलाल, एकमेकींना सांभाळाल. मला ते येत नाही. एकदा उचललं की मला खाली ठेवता येणार नाही, म्हणून उचलत नाही."

मग म्हणाले, "तू रक्ताचं बोललीस ते मला आवडलं नाही."

मला इतकी लाज वाटली की मी उठून उगाच ओटा पुसायला लागले. चाळीस वर्षं ह्या माणसाशी संसार केला. कुकरवाल्याला शिट्टी वाजवून दाखवायला मला वेळ होता, आणि घरच्या माणसाची पाठ खरंच दुखते का, एवढं विचारायला नव्हता. मी म्हटलं, "चुकलं माझं." हे म्हणाले, "सरी, सरी," बरं बरं, आणि साय बाजूला करून गार चहा प्यायले. बाळाला उचलीन असं मात्र म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

बारसं रविवारी होतं. मी वरवंटा पिशवीत घातला, तर ह्यांनी पाटासुद्धा बाहेर काढला. मी म्हटलं, "अहो, पाटा कशाला? तो नाही लागत." हे म्हणाले, "ती बाई काय म्हणाली? जोडी फोडायची नाही." जावई न्यायला आला होता. त्याने काही न विचारता डिकी उघडली. मारतहळ्ळीपर्यंतच्या त्या वाहतुकीत दीड तास आमच्या मागे पाटा खडखडत होता.

दिवाणखान्यात मधोमध पाळणा टांगला होता, लोखंडी चौकटीला. शेजारच्या चार फ्लॅटमधल्या बायका आल्या होत्या, एक तेलुगू, एक बंगाली, दोघी इथल्याच. वरवंट्याला खणाची कुंची घातली, काजळ लावलं. पहिल्या दोघींना गंमत वाटत होती. इथल्या दोघींना ठाऊक होतं, त्यांनी पाळण्याखाली हात बरोबर धरले. वरवंटा खालून गेला, वरून आला, पाळण्यात निजला. मी पाळणा म्हटला, अर्धा आठवला, अर्धा गुणगुणला.

मग वरवंटा काढून बाळाला ठेवायचं. जावयाच्या बहिणीने तिच्या कानात नाव सांगितलं, लेकीने तिला निजवलं आणि ती क्षणात उठून उभी राहिली. दोन्ही हातांनी साखळी धरून, पाळणा गदागदा हलवत. साखळी टिकली. बाळ मात्र ठणाणा रडायला लागलं. तिला तो कुंची घातलेला दगड पाहिजे होता. तिच्या देखत तिच्या जागेवर कुणीतरी झोपलं होतं आणि आता ते नाहीसं झालं होतं.

लेकीने तिला खाली ठेवलं. वरवंटा ह्यांच्याकडे होता. तो पडू नये म्हणून काढल्याबरोबर ह्यांनी घेतला होता आणि दाराजवळ पाट्याशेजारी उभे होते. बाळ रांगत निघालं. बायकांच्या पायांमधून, घुगऱ्यांच्या पातेल्याला वळसा घालून, थेट ह्यांच्यापर्यंत. ह्यांच्या पँटला धरून उभं राहिलं आणि वर बघून एक हात पुढे केला.

कागद तेव्हाही आलेला नव्हता. मी लेकीकडे बघितलं, ती दुसरीकडे बघत होती.

हे वाकले. वरवंटा नीट पाट्यावर ठेवला, घरंगळत नाही ना ते बघितलं. मग बाळाला काखेत हात घालून उचललं आणि छातीशी धरलं. तिने लगेच ह्यांचा चष्मा ओढला. ह्यांनी ओढू दिला. थोडा वेळ हे तसेच, हातांनी काहीतरी तोलत असल्यासारखे उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"आठ सहाशे नाही गं ही. नऊच्या वर गेलीय."